परीक्षा मुलाची की शाळेची?

दहावीचा निकाल लागला की महापालिकेच्या शाळांची टक्केवारी वर्तमानपत्रांत हमखास छापून येते. ती वाढली तर अभिनंदनाचे फलक लागतात, घटली तर शिक्षकांवर टीकेची झोड उठते. शाळा जनतेच्या पैशावर चालतात, तेव्हा मुलं काय शिकली याचा हिशोब त्यांनी द्यायलाच हवा, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण हा हिशोब कुणी मागायचा? कशावरून मागायचा? आणि तो जुळला नाही, तर भुर्दंड कुणी सोसायचा? हे प्रश्न आजचे वाटतात, पण आपल्या भागात ते दीडशे वर्षांहून जुने आहेत.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही त्या काळी साष्टीतली गावं. 1920 साली मुंबई उपनगर जिल्हा झाला, तोवर ती ठाणे जिल्ह्यात मोडत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून वसूल होऊ लागला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. म्हणजे गावच्या शाळेचा खर्च बराचसा रयतच भरत होती. मात्र शाळेचा हिशोब रयतेला कुणी दाखवत नसे. तो जायचा वर, साहेबाकडे.

साहेब हा हिशोब कसा घेई, हे समजून घ्यायला थोडं इंग्लंडला जावं लागेल. 1862 साली तिथे रॉबर्ट लो यांनी नवे नियम आणले. मूल हजर असेल तर शाळेला ठरावीक अनुदान मिळे. उरलेली रक्कम वाचन, लेखन आणि गणित या तीन विषयांच्या परीक्षेवर अवलंबून असे. इन्स्पेक्टरसमोर मूल एका विषयात नापास झालं की त्या विषयाचे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. ‘निकालाप्रमाणे अनुदान’ असं या पद्धतीचं सरळ नाव होतं. मुंबई इलाख्यातही त्याच दशकात अनुदानित शाळांना याच तत्त्वावर पैसे मिळू लागले.

कागदावर ही पद्धत चोख दिसते. काम दाखवा, दाम घ्या. पण वर्गात काय झालं? कवी मॅथ्यू आर्नल्ड इंग्लंडमध्ये शाळा इन्स्पेक्टर होते. मुलं नेमलेलं पुस्तक पाठ करून वाचनाच्या परीक्षेत उत्तीर्ण होतात, त्यांना दुसरं पुस्तक वाचता येतंच असं नाही, हे त्यांनी आपल्या अहवालांतून सरकारला बजावलं. दुसरा परिणाम अधिक वाईट होता. ज्याला शिकवण्याची सर्वांत जास्त गरज, तो कच्चा मुलगा शाळेच्या जमाखर्चात तोट्याची बाब ठरला.

1882 साली हंटर आयोग आला. त्याच्यापुढे 19 ऑक्टोबर 1882 रोजी महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्याहून निवेदन सादर केलं. शेतकऱ्यांच्या पैशावर उच्चवर्णीयांचं उच्च शिक्षण पोसलं जातं, हा त्यातला मुद्दा सर्वांना ठाऊक आहे. तपासणीबद्दल त्यांनी जे लिहिलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. वर्षातून एकदा डेप्युटी येऊन जातो, त्यानं काही साधत नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, शिवाय आगाऊ वर्दी न देताही शाळा पाहाव्यात, असं ते सांगतात. इतकी कडक तपासणी मागणारे फुले त्याच निवेदनात शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी समाजातूनही यावेत आणि त्यांना किमान बारा रुपये पगार असावा, असाही आग्रह धरतात.

या दोन मागण्या एकत्र वाचायला हव्यात. शाळेला जाब जरूर विचारा, पण आधी शाळेला जे द्यायचं ते द्या. म्हणजे हिशोब दोन्ही बाजूंनी. आयोगानं देशी शाळांसाठी निकालाप्रमाणे अनुदानाचीच शिफारस केली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी, लॉर्ड कर्झन यांच्या काळात, ही पद्धत मोडीत निघाली. इंग्लंडनं तर ती त्याआधीच गुंडाळली होती.

पद्धत गेली, सवय राहिली. 1950 मध्ये अंधेरी आणि घाटकोपर बृहन्मुंबईत आले, 1957 मध्ये बोरिवली आणि मुलुंड. उपनगरांतल्या शाळा महापालिकेकडे आल्या, ‘दिपोटी’च्या जागी विभाग निरीक्षक आले. मी उपनगरातल्या ज्या प्राथमिक शाळेत शिकलो, तिथे तपासणीच्या आदल्या दिवशी वर्ग शेणानं नव्हे, पण फिनेलनं लख्ख होत. फळ्यावर सुविचार झळके. आणि शेवटच्या बाकावरच्या तीन-चार मुलांना हळूच सांगितलं जाई, ‘उद्या नाही आलास तरी चालेल.’ त्या दिवशी कुणाचं अनुदान कापलं जाणार नव्हतं. तरीही साहेबाच्या नजरेला कच्चं मूल पडू नये, एवढी भीती पुरेशी होती.

ही खोड फक्त आपलीच नाही. अमेरिकेनं 2002 पासून परीक्षेतल्या गुणांवरून शाळांना जाब विचारणारा कायदा राबवला. पुढे अटलांटा शहरात शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त केल्याचं उघडकीस आलं आणि 2015 मध्ये अकरा जण दोषी ठरले. परीक्षेवर पोट अवलंबून ठेवलं की परीक्षा खोटं बोलू लागते.

मग परीक्षा नकोच का? तसं नाही. याच मुंबईतलं उदाहरण घ्या. 1994 मध्ये इथे ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतल्याच तरुण मुली महापालिका शाळांत तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना रोज साधारण दोन तास बाजूला घेऊन अक्षरं आणि आकडे शिकवत. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. मुलं खरोखर पुढे सरकल्याचं त्यात दिसलं, आणि सर्वाधिक फायदा कच्च्या मुलांना झाला. इथेही चाचणी होतीच. पण तिचं काम मूल कुठे अडलंय ते शोधण्याचं होतं, आणि शोध लागल्यावर कुणीतरी त्याच्याजवळ बसत होतं.

1 एप्रिल 2010 पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, या कलमावर भरपूर वाद झाला. 2019 च्या दुरुस्तीनं राज्यांना पाचवी-आठवीत परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्रानं 2023 मध्ये तसे नियम केले. नापास झालेल्या मुलाला दोन महिन्यांत पुन्हा संधी, तरीही जमलं नाही तर त्याच वर्गात. म्हणजे पुन्हा भुर्दंड मुलालाच. शिक्षकांची रिकामी पदं वर्षभर न भरणारा मात्र कुठल्याच परीक्षेला बसत नाही.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, त्यावर फारशी चर्चा होत नाही. प्रत्येक सरकारी आणि महापालिका शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात. शाळेचा विकास आराखडा तिनं करायचा, आलेला निधी कसा खर्च झाला ते तिनं पाहायचं. ज्या रयतेकडून एक आणा घेतला, पण हिशोब दाखवला नाही, तिच्या पणतवंडांना कायद्यानं शाळेच्या हिशोबाच्या वहीवर हक्क दिला आहे.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरते, कारण धुणीभांडी किंवा रोजंदारी करणाऱ्या आईला दुपारच्या बैठकीला येणं परवडत नाही. मग ती आपला जाब वेगळ्या तऱ्हेनं विचारते. शाळेतून मुलाचं नाव काढते आणि पोटाला चिमटा घेऊन खासगी इंग्रजी शाळेत घालते. मराठी वर्ग रिकामे झाले ते असे. महापालिकेला हा जाब बरोबर ऐकू आला. 2020 मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरात महापालिकेची सीबीएसई शाळा सुरू झाली ती याच ओघात. पण सगळ्यांना शाळा बदलता येत नाही. जी मुलं मागे राहतात, त्यांच्या वतीनं कुणीतरी बैठकीला बसायला हवं.

म्हणून माझी विनंती साधी आहे. तुमचं किंवा तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचं मूल महापालिकेच्या शाळेत असेल, तर समितीची बैठक कधी आहे ते विचारा, आणि ती संध्याकाळी घ्यायला सांगा. बैठकीत टक्केवारीच्या आधी तीन गोष्टी विचारा. वर्गाला शिक्षक आहे का? कोणत्या मुलांना अजून वाचता येत नाही? आणि त्या मुलांसाठी उद्यापासून काय करणार?

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)