रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया, लॉज
फ्रीमेसन या बंधुसंघाचे, भारतीयांच्या प्रवेशासाठी मुंबईत १८४३ मध्ये स्थापन झालेले लॉज (शाखा). गवंड्यांची हत्यारे ही फ्रीमेसनांची प्रतीके होत : गुण्या सदाचरणाचा, कंपास आत्मसंयमाचा, तर पाणसळ समतेची निदर्शक. यांपैकी पाणसळीचा अर्थ मुंबईच्या यूरोपीय सदस्यांना सर्वांत जड गेला, असे दिसते. पॅरिसमध्ये रीतसर दीक्षा घेतलेल्या माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांनाही येथील लॉज पर्सिव्हिअरन्सने सामावून घेतले नाही. तेव्हा डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने, स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजच्या अधिकाराखाली, हे स्वतंत्र लॉज निघाले. प्रारंभीच्या सदस्यांत पारशी व मुसलमान होते. ईश्वरावरील श्रद्धा ही प्रवेशाची अट असली, तरी शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर घेतात.