डमडमचे टेकाड
‘मराठा खंदका’चे नाव ऐकून कलकत्त्यास बदलून आलेला मराठी मनुष्य थोडा वरमतो. १७४२ मध्ये आपल्याच नागपूरकर भोसल्यांच्या बारगिरांच्या भयाने तो खणला गेला. बारगीर शहरात आलेच नाहीत. बंगालच्या अंगाईत मात्र ते राहिले! रविवारी डमडमला जावे. १७८३ पासून येथे तोफखान्याची छावणी होती; तिचे सेंट स्टीफन्स चर्च पाहून पायी टेकाडावरील क्लाइव्हच्या कोठीकडे वळावे. बंगाल खरोखर घेणाऱ्याचे नाव असे घराला चिकटले. वास्तविक वास्तू त्याच्या आधीची. त्याने ती वाढविली, इतकेच. २००१ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने टेकाड खणले, तो दोन हजार वर्षांपूर्वीची खापरे निघाली. फाळणीनंतर याच पडक्या भिंतींत पूर्व बंगालच्या निर्वासितांनी चुली मांडल्या होत्या.