अभिमानमेरू आणि कलिकालसर्वज्ञ

प्राचीन कवींच्या नावामागे लागलेली बिरुदे आपण बहुधा स्तुती समजून वाचतो व पुढे जातो. जैन कवींच्या बाबतीत मात्र थोडे थांबावे लागते. आपले दर्शन जगत्कर्ता ईश्वर मानीत नाही. अरिहंत वीतराग आहेत. ते कोणास काव्यशक्तीचा वर देत नाहीत. मग मनुष्यकवीला देवत्वाच्या जवळ नेणारे शब्द आपल्या पूर्वजांनी कोणत्या बुद्धीने लावले असतील?

कन्नड साहित्यातील पंप, पोन्न व रन्न या तीन जैन कवींना रसिकांनी ‘रत्नत्रय’ म्हटले. सम्यक् दर्शन, ज्ञान व चारित्र्य हा मोक्षमार्ग पाठशाळेत शिकलेल्या श्रावकाला या नावाचे वजन वेगळे सांगावयास नको. पोन्नास राष्ट्रकूट सम्राट कृष्ण तिसरा याने ‘उभयकविचक्रवर्ती’ ही पदवी दिली. पण ती राजसभेची भाषा झाली.

याच कृष्णराजाच्या काळात मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड, येथे अपभ्रंश भाषेचा महाकवी पुष्पदंत येऊन राहिला. त्याचा जन्म शैव ब्राह्मण कुळातला; पुढे तो जिनभक्त झाला. त्याने स्वतःस ‘अभिमानमेरू’ म्हणवून घेतले, आणि येथेच वाचक अडखळतो. क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांपैकी मान हा एक. जो त्यागावयाचा तोच नावात मिरवावा? शिवाय मेरू हा तर तीर्थंकरांच्या जन्माभिषेकाचा पवित्र पर्वत!

याचा उलगडा कवीच्याच महापुराणाच्या आरंभी होतो. प्रवासाने कृश झालेला पुष्पदंत नगराबाहेरच्या उपवनात विसावला असता दोघे जण त्याला नगरात चलण्याची विनंती करतात. दुर्जन राजांच्या चढलेल्या भुवया पाहण्यापेक्षा डोंगरकपारीत मरण आलेले बरे, अशा आशयाचे उत्तर तो देतो. अखेर मंत्री भरत याच्या आदराने तो वळला आणि इ. स. ९५९ मध्ये आरंभलेले महापुराण ९६५ मध्ये पूर्ण झाले. मधल्या काळात, आदिपुराणाचा भाग संपल्यावर, त्याचे मन उदास होऊन लेखणी थांबली होती. तेव्हा स्वप्नात सरस्वती आली. तिने वर दिला नाही. अरिहंतांना नमस्कार कर, एवढेच सांगितले. आमच्या मते अभिमानमेरूचा अर्थ येथे लागतो: सिंहासनापुढे न वाकणारे मस्तक एका ठिकाणी वाकत होते. तरीही ते बिरुद सर्वस्वी निर्दोष होते, असे म्हणवत नाही.

त्यानंतर दोन शतकांच्या आत गुजरातेत, अणहिलवाड पाटण येथे, आचार्य हेमचंद्र झाले. सिद्धराज जयसिंह व कुमारपाल या दोन राजांच्या काळात त्यांनी व्याकरण, कोश, छंद, योग व त्रिषष्टिशलाकापुरुषांचे चरित्र अशी अफाट रचना केली. त्यांना ‘कलिकालसर्वज्ञ’ म्हणतात. हे बिरुद सर्वांत धाडसी होय. सर्वज्ञता हे केवलज्ञानाचे लक्षण, आणि जंबूस्वामींनंतर या पंचमकाळात भरतक्षेत्री कोणीही केवली झाला नाही, असे दिगंबर व श्वेतांबर दोन्ही परंपरा मानतात. म्हणूनच ‘कलिकाल’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. तो गौरवही वाढवितो आणि मर्यादाही घालतो: या पडत्या काळात मनुष्याला जेवढे जाणता येईल तेवढे जाणणारा, केवली नव्हे. भक्तीच्या भरातही सिद्धांताची रेषा ओलांडली गेली नाही. स्वतः हेमचंद्रांविषयी परंपरा सांगते की, कुमारपालाबरोबर सोमनाथास गेले असता, ज्याचे राग-द्वेष क्षीण झाले त्यास वंदन असो, मग त्याचे नाव कोणतेही असो, अशा भावाची स्तुती त्यांनी केली.

पुष्पदंताचे आणखी एक बिरुद होते, ‘कव्वपिसल्ल’, म्हणजे काव्याने झपाटलेला. यातील ‘पिसल्ल’ हे संस्कृत ‘पिशाच’ शब्दाचे प्राकृत रूप होय, आणि ते सिद्ध करणारे सूत्र हेमचंद्रांच्या व्याकरणात आहे. महापुराणाची चिकित्सक आवृत्ती डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिली व मुंबईच्या माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमालेने ती १९३७ ते १९४१ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केली. ती चाळताना मराठी वाचकाला हा शब्द परका वाटत नाही; आपल्या घरातला ‘वेडापिसा’ त्याच्याच कुळातला आहे.