लॅटिनच्या साच्यात न मावलेली फिनिश

१६४९ साली तुर्कू शहरात फिनिश भाषेचं पहिलं छापील व्याकरण निघालं. कर्ता एस्किल पेत्रेउस जन्माने स्वीडिश, तुर्कूच्याच विद्यापीठात धर्मशास्त्राचा प्राध्यापक. पुस्तक लॅटिनमध्ये, आणि साचाही लॅटिनचाच. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या अमलाखाली होता. बिशप मिकाएल आग्रिकोलाने १५४८ मध्ये बायबलचा नवा करार फिनिशमध्ये आणला होता खरा, पण विद्वानांच्या लेखी ती शेतकऱ्यांची बोलीच.

लॅटिनच्या विभक्ती सहा. फिनिशच्या आजच्या शालेय व्याकरणात पंधरा.

या पंधरांतल्या सहा तर नुसत्या स्थळाच्या. ‘तालो’ म्हणजे घर. ‘तालोस्सा’ घरात, ‘तालोस्ता’ घरातून, ‘तालोओन’ घरात शिरताना. हे झालं आतलं. बाहेरच्या, म्हणजे पृष्ठभागाच्या किंवा जवळपासच्या जागेसाठी ‘ल्ला’, ‘ल्ता’, ‘ल्ले’ असं दुसरं त्रिकूट. मराठी शाळेत ‘घरात’ सप्तमी ठरते आणि ‘टेबलावर’मधला ‘वर’ शब्दयोगी अव्यय. फिनिशमध्ये दोन्हीकडे विभक्तीच.

हे प्रत्यय आले कुठून? ‘ना’ हा जुना स्थलवाचक प्रत्यय. त्याच्याआधी ‘स’ जोडला गेला आणि उच्चारात झिजून ‘स्सा’ झाला. ‘ल’ जोडला गेला तेव्हा ‘ल्ला’. मूळचा एकटा ‘ना’ आता मुख्यतः ‘शिक्षक म्हणून’ अशा अर्थाने येतो, पण ‘कोतोना’ म्हणजे ‘घरी’ या रोजच्या शब्दात त्याचं जुनं काम अजून चालू आहे. ‘तालोओन’चं जुनं रूप ‘तालोहोन’. मधला ‘ह’ गळाला आणि स्वर लांबला.

१८०९ मध्ये फिनलंड रशियाकडे गेला, १८६३ मध्ये झारने सरकारी कामकाजात फिनिशला हक्क देणारं फर्मान काढलं, आणि व्याकरणाची गरज एकदम वाढली. १८८० मध्ये ई. एन. सेतेलेचं वाक्यरचनेवरचं पुस्तक आलं, तेव्हा तो शाळकरी पोर होता. पुढे कित्येक पिढ्या त्याच्याच व्याकरणांवर शिकल्या.

गावांच्या नावांपुढे मात्र व्याकरणकारही हात टेकतात. हेल्सिंकी आणि तुर्कूला आतला प्रत्यय: ‘हेल्सिंगिस्सा’, ‘तुरुस्सा’. ताम्पेरेला बाहेरचा: ‘ताम्पेरेएल्ला’. फिनलंड ‘आत’, रशिया ‘वर’. कोणत्या गावाला कोणता, हे बहुतेक वेळा तिथले रहिवासीच ठरवतात.