बक्षिसी कोणाच्या खिशाला?

२ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनकडे इंग्लंडची पहिली टपालगाडी सुटली. पुढे या गाड्यांवरच्या बंदूकधारी रक्षकाला टपाल खाते आठवड्याला अवघे साडेदहा शिलिंग देऊ लागले; उरलेले पोट प्रवाशांनी भरायचे, हे गृहीतच होते. सारथीही आपला टप्पा संपला की उतरून बक्षिसी घेई, आणि लांबच्या प्रवासात सारथी बदलत असल्याने प्रवाशाचा हात पुन्हापुन्हा खिशात जाई. म्हणजे बक्षिसी हा पगाराचाच भाग होता, फक्त देणारा बदलला होता.

कोणी म्हणेल, ही तर चांगल्या सेवेची दाद. काही अंशी खरे; पण निव्वळ दाद असती, तर मालकाला तिच्या भरवशावर पगार तोकडा ठेवताच आला नसता. अमेरिकेत पुलमन कंपनीने तेच केले. रेल्वेच्या शयनयानांत तिने मुख्यतः कृष्णवर्णीय सेवक नेमले, त्यांत सुरुवातीला गुलामीतून नुकतेच सुटलेले बरेच होते, आणि त्यांना बक्षिसीवर सोडले. त्यांची संघटना १९२५ मध्ये उभी राहिली. कंपनीने करार केला १९३७ मध्ये. त्यात त्यांनी पगारवाढ आणि कामाचे कमी तास मिळवले. मागणी प्रवाशांकडे नव्हती, कंपनीकडे होती.