उरलेला सहावा भाग

ज्या वस्तूची एका काळीं कोणी पर्वा करीत नाहीं, तीच पुढें दुर्मिळ ठरते, हा संग्राहकांचा जुना अनुभव आहे. त्याचें बोलकें उदाहरण शांघायच्या मूकपटांत सांपडतें.

१९२८ सालीं तेथील मिंगशिंग कंपनीनें 'लाल कमळाच्या मठाचें दहन' हा तरवारबहाद्दरांचा मूकपट काढला. दिग्दर्शक झांग शिचुआन. तारांच्या आधारानें वीर आकाशांतून उडत व प्रेक्षक बेभान होऊन ओरडत. तीन वर्षांत त्याचे अठरा भाग निघाले, आणि अनुकरणांचें तर पेवच फुटलें. सुशिक्षितांनीं नाकें मुरडलीं. १९३१ च्या सुमारास नानकिंग सरकारनें, अंधश्रद्धा पसरते म्हणून, अशा पटांवर बंदी आणली. त्या अठरांपैकीं संपूर्ण असा एकही भाग आज उपलब्ध नाहीं.

त्याच लाटेंतला, वेन यीमिन यांचा १९२९ चा 'लाल वीरांगना' मात्र वांचला. तेरा भागांच्या मालिकेंतील हा सहावा. सैनिकांच्या धाडींत आजी चिरडली जाते, नात पळविली जाते. एक तपस्वी तिला सोडवून विद्या शिकवितो, आणि तीन वर्षांनीं ती सूड घेण्यास परतते. फान श्वेपंग यांनीं ही भूमिका केली. कथा साधी, पण संग्राहकांस ती मोलाची वाटते, ती केवळ एकमेव म्हणून नव्हे. हरपलेले बारा भाग कसे असतील, हें सांगणारा दुसरा साक्षीदारच उरलेला नाहीं म्हणून.

त्या काळची फिल्म चटकन् पेट घेई, आणि न पेटली तरी कुजे. पण आगीहून उपेक्षा अधिक घातक. आपल्याकडे तरी निराळें काय घडलें? बाबुराव पेंटर यांचा १९२५ चा 'सावकारी पाश' आज कोणास पाहावयास मिळतो?

दोष इतरांस देणें सोपें आहे. आमच्या काकांनीं स्टंटपटांच्या पुस्तिकांची एक पेटी जपली होती. पदवी घेतल्यावर, घरांत असला कचरा शोभत नाहीं म्हणून, ती आम्हींच रद्दीत घातली. काका कांहीं बोलले नाहींत. रिकामी पेटी मात्र त्यांनीं अखेरपर्यंत टाकली नाहीं. अभिरुचीचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं काय जपावें याचा निर्णय आजच्या रुचीवर सोंपविणें धोक्याचें आहे.