बंद नळीतील आकाश

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे गाव महाराष्ट्राच्या अगदी काठावरचे. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा येथे सहज कानी पडतात. येथून पूर्वेस, पक्ष्याच्या वाटेने सुमारे अडीचशे किलोमीटरांवर हैदराबाद आहे. तेथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून प्रचंड फुगे आकाशात सोडले जातात आणि त्यांच्याखालची उपकरणे हवाई छत्रीने जमिनीवर उतरतात. ती विशाखापट्टणम, हैदराबाद व सोलापूर या पट्ट्यात कोठेही उतरू शकतात. शेतात असे काही आढळल्यास हात न लावता पोलिसांना कळवावे, अशी जाहीर सूचना दिली जाते. उपकरणे बिघडू नयेत, एवढाच त्या सूचनेचा हेतू. परंतु जीवसृष्टीच्या उगमाचा शोध ज्यांनी घेतला, त्यांचे बहुतेक सारे भांडण ‘हात लावू नका’ या तीन शब्दांभोवतीच फिरत आले आहे.

त्या भांडणाचा एक महत्त्वाचा अंक दोन कॅथलिक धर्मगुरूंमध्ये रंगला, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल? इंग्रज धर्मगुरू जॉन नीडहॅम यांनी मटणाचा रस्सा तापवून कुपीत बंद केला. काही दिवसांनी त्यात सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. निर्जीवातून सजीव आपोआप उपजतो, असा निष्कर्ष त्यांनी 1748 साली मांडला. इटलीतील धर्मगुरू लाझारो स्पालांझानी यांना तो पटला नाही. त्यांनी कुप्यांची तोंडे काच वितळवून बंद केली, त्या दीर्घकाळ उकळल्या, आणि रस्सा निर्जीवच राहिला. इतक्या उष्णतेने रश्श्यातील जीवनशक्तीच मारली, असे नीडहॅम यांचे उत्तर. तथापि या वादात कोणाच्याही श्रद्धेला धक्का लागला नाही. कुजलेल्या पदार्थांतून किडे उपजतात हे संत थॉमस अक्वायनस यांनाही मान्य होते, आणि त्यामुळे त्यांना निर्माणकर्ता वजा करावा लागला नव्हता. विज्ञानाच्या प्रत्येक नव्या बातमीने बिचकणाऱ्या आपल्या काही बांधवांनी हे ध्यानात ठेवावे.

पुढे हा प्रश्न पृथ्वी सोडून आकाशात गेला, आणि तेथेही एक धर्मगुरू आधीच येऊन बसले होते! येशूसंघीय फादर अँजेलो सेक्की यांनी रोममधील संत इग्नेशियसच्या चर्चवर वेधशाळा उभारली होती. ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून पाहताना, 1868 च्या सुमारास, काही तांबूस ताऱ्यांच्या वर्णपटात त्यांना कार्बनच्या संयुगांशी जुळणारे पट्टे आढळले. ज्या कार्बनवर आपले सारे शरीर उभे आहे, त्याची खूण दूरच्या ताऱ्यांत उमटली होती.

ताऱ्यांच्या मधली पोकळी मात्र रिकामीच समजली जाई. तेथील विरळ वायूत कार्बन व हायड्रोजनच्या जोडीचा रेणू 1937 साली ओळखला गेला. तरी मोठे रेणू त्या थंडीत आणि त्या घातक किरणांत टिकतील, असे फार थोड्यांना वाटे. रेडिओ दुर्बिणींनी ही समजूत मोडली. 1968 साली अमोनिया, 1969 साली पाणी व फॉर्माल्डिहाइड, 1975 साली धनू राशीतील एका मेघात चक्क मद्यार्क! आज अशा रेणूंची संख्या तीनशेच्या पुढे गेली आहे. प्रथिनांची सर्वांत साधी वीट जी ग्लायसीन, तिचा आंतरतारकीय मेघातील निर्विवाद पुरावा मात्र अद्याप हाती नाही.

केंब्रिजचे फ्रेड हॉयल आणि त्यांचे शिष्य चंद्र विक्रमसिंघे याहून पुढे गेले. केवळ रेणूच नव्हेत, तर सूक्ष्मजीवच अवकाशातून पृथ्वीवर येतात, असे त्यांनी प्रतिपादिले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही. हॉयल यांचेच दुसरे शिष्य, कोल्हापुरात जन्मलेले आणि मराठी वाचकाला विज्ञानकथांमुळे घरचे वाटणारे डॉ. जयंत नारळीकर, यांनी वाद घालत बसण्यापेक्षा हवा आणून तपासावी असे ठरविले. मला त्यांच्या साऱ्या कार्यात हा सरळपणा फार मोलाचा वाटतो.

जानेवारी 2001 मध्ये हैदराबादहून फुगा निघाला. निर्जंतुक केलेल्या, आतून निर्वात अशा पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडविलेल्या होत्या. त्या थंडीमुळे वरची विरळ हवा नळीत ओढली जाऊन गोठे. एक्केचाळीस किलोमीटर उंचीपर्यंतच्या नमुन्यांत जिवंत पेशींच्या खुणा मिळाल्याचे त्याच वर्षी जाहीर झाले. हॉयल त्याच ऑगस्टमध्ये निवर्तले. एप्रिल 2005 मध्ये दुसरा फुगा गेला. या वेळी हैदराबाद व पुणे येथील दोन प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने, परंतु स्वतंत्रपणे तपासणी केली. बारा जीवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती मिळाल्या. पुष्कळसे जंतू पृथ्वीवरील परिचित जातींचे निघाले. तीन जीवाणू मात्र सर्वस्वी नवे, अतिनील किरणांना अधिक दाद न देणारे. 2009 साली जाहीर झालेल्या या तिघांपैकी एकाला हॉयल यांचे, एकाला आर्यभटाचे, तर एकाला ‘इस्रो’चे नाव मिळाले.

ते वरून आले होते की खालून चढले होते? नवी जात म्हणजे परग्रहावरची जात नव्हे. वादळे आणि ज्वालामुखी धूळ फार उंच नेतात. जीव पृथ्वीबाहेरून आल्याचे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे त्या निवेदनातच स्पष्ट म्हटले होते. स्पालांझानींच्या कुपीला विचारलेला प्रश्नच पोलादी नळीलाही विचारला गेला.

20 मे 2025 रोजी नारळीकर पुण्यात निवर्तले. त्याआधी चारच महिने बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. आपल्या प्रथिनांतील वीस अमिनो आम्लांपैकी चौदा आणि आनुवंशिक रेणूंचे पाचही मूलघटक तीत सापडले. सजीव मात्र नाही. दुसऱ्या एका लघुग्रहाच्या, र्‍युगूच्या, जपानने आणलेल्या एका कणावर लंडनमधील संशोधकांना जंतूंचे धागे दिसल्याचे 2024 साली जाहीर झाले होते. ते दिवसागणिक वाढले आणि मग घटले. तपासाअंती ते पृथ्वीवरचेच ठरले. कण अत्यंत काळजीपूर्वक बंद ठेवलेला होता. डबी उघडल्यानंतर ते त्यावर शिरले होते.